सम्पशेजारी झाडांचा टब : बोअरच्या पाण्यावरच्या फिश टँकसाठी स्वस्तातलं रेफ्युजियम

टँकमध्ये नायट्रेट वाढलं की पाणी बदला, हा सल्ला धरणाचं पाणी नळाला येणाऱ्या शहरात चालून जातो. आमच्या वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात बहुतेकांचा टँक भरतो तो बोअरच्या पाण्याने. बागांना दिलेला युरिया, गोठ्यामागचा उकिरडा, घरोघरचे शोषखड्डे, सगळ्यांचं नायट्रेट झिरपत शेवटी त्याच पाण्यात उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावं असं आपलं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं. तुमच्या बोअरचं पाणीच ५०-६० वर असेल तर अर्धा टँक उपसून पुन्हा भरला तरी आकडा जागचा हलत नाही. शिवाय एप्रिल-मेमध्ये बदलायला पाणी आणायचं कुठून? गावाला टँकर लागलेला असताना माशांसाठी तीस-चाळीस लिटर पाणी मोरीत सोडायचं म्हणजे घरच्यांची नजर चुकवूनच सोडावं लागतं.

अशा ठिकाणी रेफ्युजियम कामाला येतं. टँकखालच्या पेटीला सम्प म्हणतात: टँकचं जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोच्या वाटेने तिच्यात उतरतं आणि रिटर्न पंप ते परत टँकमध्ये चढवतो. रेफ्युजियम म्हणजे त्या सम्पला जोडलेला एक वेगळा कप्पा. पाणी टँकचंच, पण मासे तिथे पोचत नाहीत. त्यात झाडं वाढतात, झाडांमध्ये बारीक जीव वाढतात. झाडं अमोनिया आणि नायट्रेट ओढून घेतात, आपण दर आठवड्याला वाढलेली झाडं कापून बाहेर काढतो. सगळा खेळ या कापण्यात आहे. फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, पण ते नायट्रेट पाण्यातच राहतं. झाडाच्या अंगात गेलेला नायट्रोजनसुद्धा झाड टबात कुजलं तर परत पाण्यातच येतो. तो टँकमधून जातो फक्त कात्रीने. रेफ्युजियम लावून वर्षभर हिरवंगार जंगल जपणारे लोक मग 'नायट्रेट काही कमी झालं नाही' म्हणतात, त्याचं कारण हेच.

हे मूळचं खाऱ्या पाण्याच्या टँकवाल्यांचं तंत्र. ते चिटोमॉर्फा नावाचं समुद्री शेवाळ वाढवतात. आपल्याकडे खारा टँक सांभाळणारे फारच थोडे, म्हणून इथे सगळं गोड्या पाण्याचं लिहितो. ज्यांच्याकडे गोल्डफिश किंवा मोठे सिक्लिड आहेत त्यांना याचा सगळ्यात जास्त फायदा. त्यांच्या टँकमध्ये झाड लावलं की दुसऱ्या दिवशी देठ शिल्लक राहतो.

आधी स्वतःचं पाणी तपासा

टँकचं नाही, बोअरचं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासणीचे फिल्ड टेस्ट किट दिलेत आणि गावातल्याच काही बायांना ते वापरायचं प्रशिक्षण दिलंय. ग्रामपंचायतीत चौकशी करा. नायट्रेट, कठीणपणा, फ्लोराइड, पीएच एवढं कळतं. नाहीतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. टँकसाठी मात्र स्वतःचं नायट्रेटचं द्रव टेस्ट किट घ्या, नागपूर-अमरावतीच्या मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतं. यात कंजूषी नको. बाकी सगळं जुगाड चालेल, पण आकडा कळत नसेल तर टब काम करतोय की नुसता शोभेला आहे हे कधीच समजणार नाही.

बोअर आणि टँक यांच्या आकड्यांतला फरक बघा. बोअर १० आणि टँक ८० असेल तर दोष तुमच्या खाऊ घालण्यात आहे, आधी तो आवरा. बोअर ५० आणि टँक ७० असेल तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या त्या गावांमध्ये, टीडीएससुद्धा (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) बघा. क्षार फार असतील तर बरीच झाडं कुजकी दिसायला लागतात. तिथे पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळल्याशिवाय टबात हात घालू नका.

टब किती मोठा हवा

पुढचं सगळं गणित एका ठरावीक टँकवर करतो, तुम्ही तुमची मापं घाला. टँक ३६ × १५ × १५ इंच, पाणी साडेतेरा इंच, म्हणजे सुमारे १२० लिटर. खाली सम्प २४ × १२ × १२ इंच, त्यात आठ इंच पाणी, म्हणजे ३८ लिटरच्या आसपास. शेजारी २५ लिटरचा टब, त्यात २० लिटर पाणी. एकूण पावणेदोनशे लिटर धरा.

२० लिटर पुरेल का? माशांच्या खाद्यात ४० टक्के प्रथिनं धरली आणि प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन, तर १ ग्रॅम खाद्यातून जास्तीत जास्त २८० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होऊ शकतं. रोज १ ग्रॅम टाकलं तर आठवड्याला पावणेदोनशे लिटर पाण्यात ११ मिलिग्रॅम प्रति लिटरची वाढ. ही वरची हद्द झाली, काही नायट्रोजन माशांच्या अंगात राहतो. आता उलट बाजू. १०० ग्रॅम ओलं हॉर्नवर्ट (पाण्यात बुडून वाढणारं, सुयांसारख्या पानांचं झाड) काढलं तर त्यात ९० टक्क्यांहून जास्त पाणीच, पण उरलेल्या सुक्या भागातला नायट्रोजन धरला तर साधारण साडेतीन ग्रॅम खाद्याचा हिशेब चुकता होतो. म्हणजे आठवड्याला पाव किलोच्या जरा आतबाहेर हिरवळ कापून काढता आली तर रोजच्या १ ग्रॅम खाद्याला तो टब भारी पडतो. २० लिटरच्या टबात चांगल्या उजेडात एवढी वाढ जमते. मात्र रोज मूठभर खाद्य टाकणाऱ्यांना जमणार नाही, त्यांनी टब मोठा घ्यावा नाहीतर मूठ लहान करावी.

सम्पमध्येच काच चिकटवून नवा खण करता येतो, पण मी तो मार्ग सुचवत नाही. सम्प पूर्ण रिकामा आणि कोरडा करावा लागतो, बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन शोधावं लागतं (बाथरूमसाठीच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असतं, ते माशांना घातक), ते वाळायला एक-दोन दिवस जातात, तोवर मासे बादलीत. एवढं करून मिळणारा खण लहानच. वेगळा टब मात्र चालू टँकला धक्का न लावता जोडता येतो आणि नाही जमला तर काढूनही टाकता येतो.

सामान

यातलं बरंचसं कृषी केंद्रात मिळतं, हा आपल्याकडचा फायदा. ठिबकची १६ मिलिमीटरची लॅटरल (नळी), १६ चीच टी, १६ चा छोटा कॉक आणि एखादा जॉइनर. ठिबक बसवलेल्या शेतकऱ्याच्या कोठीत हे तुकडे पडलेलेच असतात. वापरलेले घ्यायला हरकत नाही, पण ज्या लाइनीतून खत किंवा औषध सोडलं असेल ती लॅटरल नको. पाच फूट नवीन घ्या, काही रुपयांचा प्रश्न आहे.

हार्डवेअरमधून एक इंची टँक निपल दोन, एक इंची पीव्हीसी पाइप चार-पाच फूट, दोन-तीन एल्बो, टेफ्लॉन टेप. टब नवाकोरा, कपडे धुण्याचा असतो तसा, पण शक्यतो पारदर्शक नको. पारदर्शक टबाच्या भिंतीवर हिरवा थर चढतो आणि झाडांना मिळायचं ते शेवाळ खाऊन जातं. ९ वॉटचा पांढऱ्या उजेडाचा एलईडी बल्ब, होल्डर, आणि मिळाला तर टायमर. बल्बच्या खोक्यावर ६५०० के लिहिलेलं बघा. दुकानदार 'झाडांचा लाइट' म्हणून जांभळा महागडा दिवा दाखवेल, त्याची इथे काही गरज नाही. मच्छरदाणीचा तुकडा घरात असतोच.

टेस्ट किट सोडलं तर हे सगळं हजार रुपयांत बसायला हवं.

फवारणीच्या सामानाबद्दल एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. कपाशी-तुरीवर वापरतात त्या सायपरमेथ्रिनसारख्या पायरेथ्रॉइड औषधांचा अगदी अंशही माशांना आणि झिंग्यांना मारायला पुरतो. औषध कालवलेली बादली, मोजायचं झाकण, पंपाचा जुना पाइप, कॅन कितीही घासून धुतला असला तरी टँकच्या आसपास आणू नका. फवारणी करून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय पाण्यात हात घालायचा नाही. जुलै ते ऑक्टोबर हा नियम घरातल्या सगळ्यांना.

टब बसवणं

टब सम्पच्या काठापेक्षा चार-सहा इंच उंच यायला हवा, कारण त्यातलं पाणी आपोआप उताराने सम्पमध्ये परतणार आहे. लोखंडी स्टूल किंवा अँगलचा स्टँड चालतो. भरलेला टब २५ किलोच्या घरात जातो, तेव्हा प्लास्टिकचा स्टूल नको. जमलं तर टबाचा काही भाग सम्पच्या वरच येऊ द्या, म्हणजे चुकून सांडलं तरी सम्पमध्येच सांडेल.

आता भोकं. टबाच्या भिंतीला, काठापासून तीन इंच खाली, एक भोक. हे रोजचं आउटलेट. त्याच्यापासून हातभर बाजूला, त्याच्याहून इंच-सव्वा इंच वर, दुसरं भोक. हे फक्त संकटासाठी. दोन्ही भोकांसाठी टबाचा सपाट भाग निवडा, गोलाईवर वॉशर बसत नाही. निपलच्या आट्यांच्या मापाचा होल सॉ गावातल्या प्लंबरकडे किंवा फर्निचरवाल्याकडे असतो, पाच मिनिटांसाठी मागून आणा. तापवलेल्या पाइपाने भोक पाडायची पद्धत आहे, पण त्याने काठ जाड-बारीक होतो आणि तिथूनच पाणी झिरपतं. भोक पडल्यावर काठावरचे प्लास्टिकचे ओरखडे ब्लेडने साफ करा. रबरी वॉशर आतल्या बाजूने, म्हणजे पाण्याकडे. चकती हाताने घट्ट करून मग पान्याने पाव वळसा, त्याहून जास्त नाही. जोर लावला की टबाची पातळ भिंत वाकते, वॉशर एका बाजूने उचलला जातो आणि थेंब थेंब सुरू होतो. मग लोक वरून एम-सील थापतात. ते काही महिने टिकतं.

आउटलेटच्या आतल्या तोंडाला पाइपचा वीतभर तुकडा लावा, त्याला बारीक भोकं पाडा आणि वरून मच्छरदाणी गुंडाळा. एकाच छोट्या तोंडावर जाळी बांधली तर एका रात्रीत पानं चिकटून बंद होते. जाळीचं क्षेत्र जितकं मोठं तितकी निश्चिंती. वरच्या, संकटाच्या भोकाला जाळी अजिबात नको.

जोडून झालं की टब अंगणात नेऊन काठापर्यंत भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खालची जमीन कोरडी असेल तरच घरात.

पाणी टबात आणणं

रिटर्न पंपापासून टँकला जाणाऱ्या पाइपमध्ये टी लावायची. पंपाचा पाणी द्यायचा नळा १६ चा असेल तर ठिबकची टी सरळ बसते. मोठा असेल तर पीव्हीसीची टी लावून तिथून १६ वर उतरा. लॅटरल कडक असते आणि टीच्या दातांवर चढत नाही. तिचं टोक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरा, मऊ झाल्यावर एका दमात ढकला. गार झाली की पक्की बसते. टीनंतर टबाकडच्या फाट्यावर कॉक.

रिटर्नवरूनच पाणी का घ्यायचं, तर ते आधीच स्पंजमधून गाळून आलेलं असतं. टँकचं ओव्हरफ्लोचं पाणी थेट टबात सोडलं तर माशांची घाण सगळी टबाच्या तळाशी बसते आणि महिन्याभरात झाडांऐवजी गाळच सांभाळत बसावं लागतं.

लॅटरलचं टोक टबातल्या पाण्याच्या वर राहू द्या, बुडवू नका. बुडवलं तर लाइट गेल्यावर टबाचं पाणी त्याच नळीतून उलटं ओढलं जातं.

प्रवाह सावकाश हवा. ताशी ८०-९० लिटर पुष्कळ. मोजायला मोठी यंत्रं नकोत: एक लिटरची बाटली लॅटरलखाली धरा, ४० ते ४५ सेकंदांत भरायला हवी. त्याच्या आत भरली तर कॉक थोडा दाबा. जोरदार प्रवाहात डाफ्नियासारखे बारीक जीव टिकत नाहीत आणि तरंगती झाडं कोपऱ्यात गोळा होऊन कुजतात. महिन्यातून एकदा बाटली पुन्हा धरा. कॉकमध्ये चिकटा साचून प्रवाह हळूहळू घटतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

लाइट जाते तेव्हा

हा भाग घाईने वाचू नका. पंप थांबला की टँकचं पाणी ओव्हरफ्लोच्या पातळीपर्यंत खाली येतं, आणि रिटर्नच्या पाइपातूनही उलटं येतं, तेही त्या पाइपचं तोंड उघडं पडेपर्यंत. तोंड पाण्यात सहा इंच खोल असेल तर सहा इंच पाणी खाली. आपल्या टँकमध्ये एक इंच म्हणजे जवळपास ९ लिटर. सहा इंच म्हणजे ५३ लिटर, आणि सम्प अख्खा भरला तरी ५६ चाच. हॉलमध्ये तळं झालंच समजा.

उपाय सोपा. रिटर्नचं तोंड पृष्ठभागाच्या जरासं खाली ठेवा आणि पाइपला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली तीन मिलिमीटरचं भोक पाडा. पातळी भोकापर्यंत आली की हवा शिरते आणि ओढ तुटते. ते भोक शेवाळाने बुजतं, म्हणून दर पंधरवड्याला त्यात काडी घाला. आता टँकचं पाणी समजा दीड इंच उतरतं, म्हणजे १३ लिटर. सम्पमध्ये एक इंचाला पावणेपाच लिटर मावतात, तर सम्प पावणेतीन इंच चढेल. आठ अधिक पावणेतीन, पावणेअकरा इंच. सम्पची उंची बारा. टबातून उतरणारं लिटर-दीड लिटरही यात सामावतं. म्हणून सम्पमध्ये आठ इंचांच्या वर पाणी कधीच नको. तिथे बाहेरून कायमच्या मार्करने रेघ मारा.

मग परीक्षा घ्या. मेन बंद करा, सम्प कुठवर चढतो बघा. परत चालू करा, टब उतू जात नाही ना बघा. तिसरी परीक्षा लोक टाळतात: आउटलेटचं तोंड तळहाताने दाबून धरा. पाणी चढून वरच्या भोकातून सम्पमध्ये जायला हवं. जात नसेल तर ते भोक काठापासून पुरेसं खाली नाही. नवीन टब घ्या आणि पुन्हा पाडा.

वायरचं बोलायचं तर होल्डरपासून येणारी वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळलेला थेंब बोर्डात न शिरता खाली पडेल. घरात ईएलसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर हा पाण्याचा पसारा मांडण्याआधी तो बसवून घ्या. आमच्याकडचा वायरमन म्हणतो तसं, "मासे मेले तं नवे आनता येते जी, हात चिकटला तं काय करान?"

कोणती झाडं

माझं मत ठाम आहे: पहिला मान मनीप्लांटचा. बुडालेल्या झाडाला बहुतांशी पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडवर भागवावं लागतं, आणि आपल्या कठीण, चढ्या पीएचच्या पाण्यात तो फार थोडा असतो. मनीप्लांटची पानं हवेत, मुळं पाण्यात. कार्बन त्याला फुकट मिळतो आणि नायट्रेट तो पाण्यातून ओढतो. शेजाऱ्याच्या गॅलरीतून दोन-दोन पेरांच्या सात-आठ कांड्या आणा, कापलेलं टोक वाहत्या पाण्यात धुऊन चीक जाऊ द्या, एक दिवस सुकवा आणि टबाच्या काठावर अशा बसवा की फक्त खालचं पेर बुडेल. पान बुडालं की सडतं. मुळं फुटायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर त्याच्याकडून काही अपेक्षा करू नका. नाळीची भाजीही अशीच वाढते, आणि औषधांशिवाय चालणारा टँक असेल तर कोवळी पानं कोंबड्यांना घालता येतात.

पाण्यातल्या झाडांत हॉर्नवर्ट आणि हायड्रिला. भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडच्या माजी मालगुजारी तलावांत हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया भरपूर असतात; तिकडच्यांना विकत घ्यायची गरज नाही. फक्त कपाशी-धानाच्या बांधाला लागून असलेल्या तळ्यातून फवारणीच्या दिवसांत काही आणू नका. हॉर्नवर्ट नव्या पाण्यात आलं की पहिला आठवडा सुया गाळतं. त्या गाळून काढा, मूळ काडी टिकली तर पुन्हा फुटते.

डकवीड नायट्रेट खाण्यात पटाईत, पण एकदा शिरली की टँकभर पसरते आणि खालच्या झाडांचा उजेड अडवते. माझ्या टबात ती नाही. जलपर्णीला तर हातही लावू नका, ती नाल्यात गेली की गावाच्या तळ्याचं काय होतं ते आपण बघतोच.

तळ्यातून आणलेलं प्रत्येक झाड आधी बादलीत दोन-तीन आठवडे वेगळं ठेवायचं. चतुराच्या अळ्या, पाणकिडे, गोगलगायीची अंडी या काळात उघडी पडतात. चतुराची अळी दिसायला काडीसारखी निरुपद्रवी, पण बारीक पिल्लं आणि झिंगे एकेक करून फस्त करते. टबाच्या तळाला माती घालू नका. आपली काळी कपाशीची माती तर नकोच, तिचा गढूळपणा खाली बसत नाही. तळ मोकळा ठेवला तर नळीने गाळ ओढून काढता येतो. झाडं अडकवायला दगड हवा असेल तर साधा काळा दगड घ्या. कोरपना-राजुऱ्याकडचा पांढरट चुनखडीचा दगड पाण्याचा कठीणपणा आणखी वाढवतो. शंका असेल तर लिंबू पिळा, फेस आला की तो दगड बाहेर.

बारीक जीव

झाडं रुजली, सुया गळायच्या थांबल्या की मगच. डाफ्निया पावसाळ्यानंतरच्या, मासे नसलेल्या डबक्यात सापडतात; मासे असलेल्या तळ्यातून आणले तर त्यांच्याबरोबर माशांचे रोगही येतात. बारीक जाळीने गाळून पांढऱ्या ताटलीत घ्या आणि नजरेने निवडा. त्यात झटके देत पोहणारे, मागे दोन अंड्यांच्या पिशव्या असलेले सायक्लॉप्सही असतील. जुन्या माणसांना नारू आठवत असेल तर तो याच सायक्लॉप्समधून यायचा, विहिरीचं न गाळलेलं पाणी प्यायल्याने. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला, त्यामुळे आता काळजी नाही, आणि पिल्लांना ते उत्तम खाद्य आहे. आउटलेटच्या जाळीतून थोडे-थोडे सम्पमध्ये आणि तिथून टँकमध्ये जात राहतात.

झिंगे हवे असतील तर चेरी श्रिम्पसारखे छोटे घ्या. बाजारातले मोठ्या चिमट्यांचे झिंगे नकोत, ते बाकी सगळ्यांवर ताव मारतात. घरात डासांसाठी फवारा मारायची सवय असेल तर झिंग्यांचा विचारच सोडा.

टबावर मच्छरदाणी ताणून बांधा. पाणी वाहतं असलं तरी कोपऱ्यात ते थांबतं, आणि डेंग्यूच्या दिवसांत आशाताई घरी येऊन भांडी तपासतात तेव्हा टबाची पहिली विचारणा होते.

उजेड आणि वेळ

बल्ब पाण्यापासून सहा-आठ इंच वर, रोज दहा ते बारा तास. रात्री आठपासून सकाळी सातपर्यंत, म्हणजे टँकचा लाइट बंद असताना. खाऱ्या पाण्यावाले हे पीएच स्थिर राहावा म्हणून करतात. आपल्या बोअरच्या पाण्यात पीएच तसाही फार हलत नाही. आपल्याला फायदा ऑक्सिजनचा. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ ला जेमतेम सात. मे महिन्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात ते त्यामुळे. रात्री उजेडात असलेली झाडं थोडा हातभार लावतात. थोडाच, बॅटरीवरचा एअर पंप तरीही घरात ठेवा, कारण लाइट जाते तेव्हा हा बल्बही जातो.

चकतीचा टायमर लाइट गेली की थांबतो आणि तेवढा मागे पडतो. आठवड्यातून एकदा घड्याळाशी जुळवून घ्या, नाहीतर महिन्याभरात रात्रीचा दिवस होतो.

पहिले दोन महिने

टब चालू झाला म्हणून पाणी बदलणं लगेच बंद करू नका. आठवड्याच्या ठरलेल्या वारी नायट्रेट मोजा आणि वहीत लिहा. पहिले तीन आठवडे काही फरक दिसत नाही, कधी आकडा वाढतोसुद्धा, कारण जुनी पानं गळत असतात. मुळं लांबली, हॉर्नवर्ट टबात मावेना झालं की उतार दिसू लागतो. एकदा एक तृतीयांश हिरवळ काढायची, त्याहून जास्त नाही.

आकडा उतरतोय पण नवी पानं पिवळी पडताहेत, तर लोहाची कमतरता. कठीण पाण्यात हे नेहमीचं. इथे कृषी केंद्रातलं ग्रेड २ सूक्ष्म अन्नद्रव्य टाकायचा मोह होतो. त्यात तांबं आणि जस्त असतं, झिंगे मरतात. फक्त लोहाचं, चिलेटेड, टँकसाठीचंच घ्या. जुन्या पानांना भोकं आणि पिवळे काठ दिसले तर पोटॅश कमी आहे. ठिबकमधून सोडतात ते ०:०:५० खत याला चालतं: १ ग्रॅम वेगळ्या पाण्यात विरघळवून टाकला की पावणेदोनशे लिटरमध्ये सुमारे अडीच मिलिग्रॅम प्रति लिटर पोटॅशियम वाढतं, तेवढं बास. युरिया, डीएपी, १९:१९:१९ यांतलं काहीही नको; जे काढायचंय तेच परत घालणं झालं.

उन्हाळ्यात टबाचा एक फायदा होतो, उघड्या पाण्याचं क्षेत्र वाढतं. कॉम्प्युटरचा जुना १२ व्होल्टचा पंखा टबावर तिरका लावला तर आपल्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंश उतरतं. जून उजाडून हवा दमट झाली की हा उपाय संपतो, पंखा काढून ठेवा. पण पाणी उडतं म्हणजे क्षार मागे राहतात. रोजची भर बोअरच्या पाण्याने घातली तर टीडीएस चढतच जाईल. ही भर गावातल्या वॉटर एटीएमच्या आरओ पाण्याची घाला. आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून टाकून दिलेलं पाणी मात्र कधीच नाही, त्यात क्षार आणि नायट्रेट एकवटलेलं असतं. पावसाळ्यात पहिले दोन-तीन पाऊस वाहून जाऊ द्या, मग स्लॅबचं पाणी ड्रममध्ये भरून झाकून ठेवा. बोअरमध्ये अर्धं मिसळलं तरी नायट्रेट आपोआप निम्म्यावर येतं.

कापलेली हिरवळ परसातल्या खड्ड्यात किंवा कुंडीत पुरा, नाल्यात किंवा तळ्यात टाकू नका. हॉर्नवर्ट कोंबड्या आवडीने टिपतात. मनीप्लांट मात्र जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका, त्याने तोंड सुजतं. त्याच्या कांड्या दुसऱ्या कुणी टब लावत असेल तर त्याला द्या.